सत्तावीस नंबरची तिसरी ओळ

"मॅडम, जास्त वाकवू नका, गोंद ओला आहे अजून," चंदर म्हणाला. पण तोवर सुवर्णाने पुस्तिका मधोमध उघडली होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चौऱ्याहत्तर नंबरची मुलगी. वर नाव, जन्मतारीख, शिक्षण, मामाचं गाव. सगळं जिथल्या तिथे. आणि पानाच्या तळाशी, काळ्या चौकटीत, ठळक अक्षरांत: "लहानपणी फिट येत असे. दहावीनंतर एकदाही आलेली नाही. गोळ्या बंद."

तिने पान उलटलं. पंच्याहत्तर, चौकट रिकामी. शहात्तर: "पहिली पत्नी बाळंतपणात वारली. मुलगी आजोळी असते." आणखी चार पानं पुढे: "वडिलांनी दुसरं घर केलं आहे. आई वेगळी राहते."

"चंदर, या चौकटी कुठून आल्या?"

"कुठून म्हणजे? अण्णांनी पेनड्राइव्ह दिला, त्यात होतं. मी उचललं आणि मांडलं. पण चौकटी कशा एका लाइनीत घेतल्यात बघा की. एकशेबारा पानं, सगळीकडे बरोब्बर तळाला." शाबासकी मिळेल म्हणून तो क्षणभर थांबला. ती मिळेना तेव्हा त्याने गोंदाचा ब्रश पुसायला घेतला.

नाशिकला द्वारकेच्या चौकात मुंबईच्या आणि पुण्याच्या गाड्या एकमेकींच्या अंगावर हॉर्न वाजवत होत्या. मागच्या गल्लीतल्या चंदरच्या प्रेसमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता समाजाच्या वधू-वर पुस्तिकेच्या पाचशे प्रती तयार होत्या, आणि मेळावा उद्या सकाळी दहाला होता. त्या मेळाव्याला सिन्नरहून चिमाजी आपल्या मुलाला, ज्ञानेशला घेऊन येणार होते, खास सुवर्णाला बघायला. ज्ञानेश सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर होता. बहिणींची लग्नं उरकता उरकता चौतिशीला आला होता. दोनदा फोनवर बोलला होता, आणि दुसऱ्या वेळी सुवर्णा फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाच टेबल आवरत बसली होती. तीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. तरी बसली होती.

पण आत्ता तिला ज्ञानेश आठवला नाही. आठवला तो ललित, तिचा मालक.

ललितची कंपनी म्हणजे कॉलेज रोडवरच्या दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक फिल्टरचा माठ. सुवर्णा तिथे टायपिंग करायला म्हणून लागली आणि चार वर्षांत वेबसाइट बनवायला शिकली. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या दिवाळीनंतर, ललितने तिला जेक्वेरी दाखवली. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कोडचं ते गाठोडं. आपल्या पानाला जोडलं की एका शब्दात पानावरची कुठलीही गोष्ट लपते, एका शब्दात परत येते. हाइड म्हटलं की गेली, शो म्हटलं की आली. पहिल्या दिवशी ती तासभर एकच परिच्छेद घालवत आणि आणत बसली होती. आयुष्यात असं काही हाताशी असतं तर, असं तिच्या मनात आलं होतं. आलं होतं, आता नाकारण्यात काय अर्थ?

"एक लक्षात ठेवा मॅडम," ललित म्हणाला होता, "हाइड केलेलं पानातून जात नाही हां. नुसतं डोळ्याआड होतं. ते गाठोडं लोड झालं नाही, तर सगळं उघडं."

"न व्हायला काय झालं? ते तर सर्व्हरवरच असतं," ती म्हणाली होती. शहाणी माणसं खड्ड्यात पडतात ती अशीच.

समाजाच्या वधू-वर मंडळाच्या वेबसाइटचं काम निवृत्तीअण्णांनी आणलं. शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, बावीस वर्षं मंडळाचे चिटणीस. त्यांची एकच अट होती. "माणूस आधी माणूस म्हणून दिसू दे. आजार, घटस्फोट, घरातली भानगड, हे खोटं बोलून लपवायचं नाही. पण पहिल्या नजरेला नको. दोन्हीकडून पसंती आली की मी फोनवर एक नंबर देईन. तो नंबर टाकला तरच ती चौकट उघडावी. जमेल?" सुवर्णाने जमवलं होतं. अण्णांनी स्वतः फोन करून करून एकशेबारा घरांकडून माहिती गोळा केली. एकेचाळीस जणांनी चौकटीत काही ना काही सांगितलं.

आता ती हिशेब लावत होती की हे झालं कसं, आणि चंदरच्या दोन वाक्यांत तो लागला. पुस्तिका दरवर्षी अण्णाच छापून घेत. या वर्षी पुन्हा टाइप कशाला करायचं म्हणून ते सायबर कॅफेत गेले, पोराकरवी ते पान पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि तडक प्रेसमध्ये आणलं. व्हायरसच्या धास्तीने चंदरने प्रेसच्या कॉम्प्युटरला नेट घेतलंच नव्हतं. पान आलं, लपवणारं गाठोडं सर्व्हरवरच राहिलं. फोटो छापायची पद्धत नव्हती, त्यामुळे काही कमी आहे असंही कुणाला वाटलं नाही. उलट काही जास्त आहे, हे कळायला माहीतगार माणूस तिथे नव्हतं.

तिने अण्णांना फोन लावला. वीस मिनिटांत अण्णांची लूना गल्लीत फटफटली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चार पानं वाचली आणि कागदाच्या गठ्ठ्यावरच बसले.

"तू म्हणाली होतीस, दिसत नाही."

"दिसत नव्हतं, अण्णा. होतं मात्र तिथंच."

"म्हणजे मी कपाट समजत होतो, आणि होता नुसता पडदा."

सुवर्णा दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"एका माउलीने मला सांगायच्या आधी दार लावून घेतलं होतं," अण्णा म्हणाले. "मला फोनवर कडीचा आवाज आला. आणि उद्या ते पाचशे लोक वाचणार."

"पुन्हा छापायचं तर तीन दिवस," चंदरने विचारायच्या आधीच सांगितलं. "कागद नाही. आणि पाचला लाईट जाते ती नऊला येते."

सुवर्णा येरझाऱ्या घालताना कटिंग मशीनपाशी थबकली. पुस्तिकांच्या कडा सारख्या करायचं ते यंत्र. जाड पातं, खाली लोखंडी टेबल.

"चंदर, चौकट सगळ्या पानांना तळाला आहे ना?"

"सांगितलं की. एका लाइनीत."

"मग खालून दोन इंच काप. सगळ्या."

चंदरने तिच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "अहो, चौकटीच्या खाली सौजन्य आहे. दर पानाला एकेका दुकानदाराचं नाव. तेही जाईल. पुस्तक बुटकं होईल ते वेगळंच."

बुटक्या पुस्तकापेक्षा सौजन्याची बाब नाजूक होती. त्या एकशेबारा नावांसाठी अण्णांनी दोन महिने दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"एकशेबारा शिव्या खाईन," ते म्हणाले. "मास्तरकीत याहून जास्त खाल्ल्यात. काप."

मग पावणेचार ते पाच यंत्र थांबलं नाही. दहा-दहा पुस्तिकांची चळत पात्याखाली जायची, खच्च व्हायचं आणि पट्ट्या खाली सांडायच्या. सुवर्णा वाकून एकूण एक पट्टी गोळा करत होती. पंख्याने उडालेली एक तर तिने यंत्राखाली हात घालून काढली. चंदर ओरडला, "मॅडम, हात!" पण तिचं लक्ष नव्हतं. त्या पट्टीवर कुणाचं तरी गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. पट्टी रस्त्यावर गेली असती तर सुवर्णा पुढे झोपू शकली नसती. तीन पोती भरली. अण्णा हॉल बघायला म्हणून निघाले तेव्हा त्यांनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाचलो, पोरी," ते म्हणाले.

पाचला दहा कमी असताना शेवटची चळत कापून झाली. बुटकी पुस्तिका हातात घेऊन तिने ती सहज उघडली. आपलं पान बघायचं तिला आत्तापर्यंत सुचलं नव्हतं, कारण आपल्या चौकटीत काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

क्रमांक सत्तावीस. सुवर्णा गोटीराम. जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. आणि लगेच तिसरी ओळ: "विवाह २००० साली, कळवण येथे. अकरा महिने नांदले. २००२ मध्ये घटस्फोट."

पानाच्या वरच्या भागात. कुठल्याच पात्याने न कापता येण्यासारखी.

वेबसाइट बनवताना तिने पहिली नोंद स्वतःचीच भरली होती, चाचणी म्हणून. तेव्हा चौकट नव्हतीच. लग्नाची ओळ नावाखालीच यायची. पुढे चौकट आली, बाकीच्यांचं तिच्यात गेलं. तिचंही गेलं असतं. पण दादा, म्हणजे तिचे वडील गोटीराम, म्हणाले होते, "चौकटीत बी नको. नंबर मिळाला की वाचतीलच ना? सिन्नरपोहत ती गोष्ट गेलेली नाय. आधी तुला बघू दे, मग मी सांगतो त्यान्ला, बाजूला घिऊन." ती ओळ पुसायला ती बसली होती. बोट डिलीटच्या बटणावर ठेवलं होतं. आणि दाबवेना. ते अकरा महिने वाईट होते, पण झाले होते. ते पुसलं म्हणजे ती बावीस वर्षांची मुलगी, जी एका सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन कळवणच्या स्टँडवर नाशिकच्या एसटीची वाट बघत उभी होती, ती कुणीच नव्हती असं झालं असतं. म्हणून तिने ती ओळ पुसली नाही. लपवली. इतरांच्या चौकटीला उघडायचं बटण तरी होतं. हिने आपल्या ओळीला तेही ठेवलं नाही.

लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला.

"काय झालं?" चंदरने विचारलं. तिने पान त्याच्यापुढे धरलं. त्याने दाराच्या उजेडात ते वाचलं आणि पहिल्यांदाच मॅडमकडे नीट बघितलं.

"काळी शाई फिरवू? दोघं बसलो तर होईल, मेणबत्ती लावून."

"एकाच पानावर काळा पट्टा दिसला तर लोक उन्हात धरून वाचतील."

"मग पानच फाडू."

तिने पान उलटलं. मागच्या बाजूला अठ्ठावीस नंबर, पेठकडची एक नर्स. उद्या पहाटेची पहिली एसटी धरून येणार होती. सुवर्णाने पुस्तिका मिटली. "राहू दे," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.

घरी, मखमलाबादच्या मळ्यात, दादा ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होते. उद्याच्या पाहुण्यांसाठी गजरे आईने आधीच ओवून ठेवले होते. आईचा, म्हणजे नवसाबाईंचा, हात असा, की दोन गजऱ्यांत एका फुलाचा फरक निघायचा नाही. दादांनी शर्टाला इस्त्री करून आणली होती, आणि इस्त्रीचा शर्ट ते वर्षातून दोनदा घालत. तीन पोती बघून त्यांनी विचारलं, "हे काय गं?"

"रद्दी आहे, दादा. उद्या जाळायचीय."

"बरं. सिन्नरवाल्यांचा फोन आलता. लय खूश हायेत."

पुस्तकात आलंय, दादा. एवढी तीन शब्दांची गोष्ट. ती जेवताना सांगणार होती, मग भांडी घासताना, मग अंथरुणं घालताना. सांगितली नाही.

रविवारी पंचवटीतल्या मंगल कार्यालयात अकरा वाजेपर्यंत मुंगीला शिरायला जागा उरली नाही. पुस्तिका हातात पडली की जो तो ती खालीवर करून बघायचा. "अण्णा, यंदा कागद पण मापात काढला का हो?" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. तिसऱ्या रांगेतल्या कापड दुकानदाराला आपलं सौजन्य सापडेना, तो तणतणत स्टेजपाशी गेला. अण्णा हात जोडून त्याला काहीतरी सांगत होते. बावीस वर्षांत समाजाचा एक रुपया इकडचा तिकडे न केलेला माणूस कंजूष म्हणून हसू करून घेत होता, आणि ज्यांच्यासाठी घेत होता ते एकेचाळीस जणही सगळ्यांबरोबर हसत होते.

दादांच्या शेजारी चिमाजी बसले होते, पलीकडे त्यांची बायको आणि कडेला ज्ञानेश. निळा शर्ट, आवाजावरून वाटला होता त्याहून सावळा, आणि सुवर्णाकडे बघून थोडंसं हसला. चिमाजी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत होते. क्रम सोडून वाचायचं नाही असा माणूस. नऊ. दहा. अकराव्यापाशी ते पाणी प्यायले. दादांनी मात्र चष्मा लावून थेट सत्तावीस काढलं. लेकीचं नाव छापलेलं त्यांना बघायचं होतं. त्यांचं बोट अक्षरांखालून सरकत गेलं, पहिली ओळ, दुसरी, आणि थांबलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग त्यांनी चष्मा काढला, मिटला, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि समोर बघत राहिले.

चिमाजी अठराव्या पानावर होते, तेवढ्यात माइकवर पुकारा झाला. "सत्तावीस."

पद्धत अशी की अण्णा पुस्तिकेतून माहिती वाचायचे, मग उमेदवाराने दोन शब्द बोलायचे. ती स्टेजवर गेली. अण्णांनी चष्मा सावरून वाचायला सुरुवात केली. "सुवर्णा गोटीराम. जन्म एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर." मग ते अडखळले. ती ओळ त्यांनी आत्ता पाहिली. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी माया होती की तिला ती सहन होईना. "शिक्षण," अण्णांनी पुढे वाचलं, "बी. कॉम. नोकरी, संगणक क्षेत्रात."

उरलेलं वाचून त्यांनी माइक तिच्या हातात दिला. तो घामाने ओला होता.

"अण्णा, तिसरी ओळ राहिली," ती म्हणाली.

मग तिने ती वाचली. कळवण, अकरा महिने, सगळं, जसं छापलं होतं तसं. हॉलमध्ये कुठेतरी एक लहान मूल रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. "ही माहिती मी आधी सांगायला हवी होती," ती म्हणाली. "लपवली होती. चूक माझी." आणि माइक परत देऊन खाली उतरली. अण्णांनी पुकारलं, "अठ्ठावीस." पेठची नर्स पदर सावरत वर निघाली.

जेवणाच्या पंगतीत सिन्नरची मंडळी दिसली नाहीत. दादा त्यांना शोधायला गेले नाहीत. सुवर्णा हात धुवायला नळापाशी गेली तेव्हा ज्ञानेश चपला घालत होता.

"आईबाबा रिक्षात बसलेत," तो म्हणाला. "फोनवर सांगितलं असतं तुम्ही, तर..." तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

त्याच्या मनगटावर नवसाबाईंनी दिलेला गजरा गुंडाळलेला होता. तो काढून टाकावा की ठेवावा हे न कळून तो तसाच गेला.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर दादांनी विहिरीजवळ काटक्या रचल्या आणि तीन पोती ओढत आणली. आई आत भाकऱ्या करत होती, त्यांचा थापल्याचा आवाज येत होता. दादा मूठ भरून पट्ट्या घ्यायचे आणि जाळात टाकायचे, पुन्हा मूठ, पुन्हा जाळ. काही पट्ट्या पेट घ्यायच्या आधी उलगडायच्या आणि अक्षरं लख्ख दिसायची.

"वाचू नका, दादा. लोकांचं आहे."

"मी कुठं वाचतोय? चष्मा हॉलमधीच राहिला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. काडी बाहेर आली होती आणि जाळाच्या उजेडात चमकत होती. सुवर्णाने दुसरं पोतं मोकळं केलं.

शेवटची मूठ हातात घेऊन दादा थांबले. "यात तुझं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"माझं यात नाही, दादा. माझं पुस्तकात राहिलं."

दादांनी मूठ जाळात टाकली. काठीने निखारे सारखे केले. बराच वेळ सारखे करत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले.